उसनवारीतली कारागिरी

पाचशे प्राणी घ्या. त्यांतल्या कोणत्याही एकाचं डोकं आणि कोणत्याही दुसऱ्याचं धड जोडा. डोकं कुणाचं आणि धड कुणाचं याची अदलाबदल केली की प्राणी बदलतो. स्वतःशीच जोडलेला प्राणीही वेगळा धरला तर एकूण अडीच लाख प्राणी होतात. ‘पोकेमॉन इन्फिनिट फ्युजन’ या गेमचा सगळा डोलारा या एका गुणाकारावर उभा आहे. मूळ प्राण्यांची संख्या आवृत्तीगणिक वाढत पाचशेच्या घरात गेली आहे. हा गेम निंटेंडोने काढलेला नाही, पोकेमॉन कंपनीनेही नाही, आणि पोकेमॉनचे मूळ गेम बनवणाऱ्या टोकियोच्या गेम फ्रीकचाही त्याच्याशी संबंध नाही. टोपणनावाने वावरणाऱ्या एका चाहत्याने तो सुरू केला, ‘आरपीजी मेकर एक्सपी’ या हौशी लोकांसाठीच्या सॉफ्टवेअरवर रचला आणि फुकट वाटला. नकाशा जुन्या गेममधल्या कांटो आणि जोटो प्रदेशांचा, प्राणी मूळ गेममधलेच, संगीतही बरंचसं तिथलंच. परवानगी कुणाची घेतलेली नाही. तरीही याला चोरी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. मालक कंपनीला जे कधी परवडणार नाही आणि म्हणून ती जे कधी करणार नाही, असं काहीतरी या उसनवारीतून तयार झालं आहे. ते काय आहे हे नीट पाहिलं, तर अशा बिनपैशाच्या निर्मितीला कायद्यात जागा का हवी, हेही कळतं.

महाराष्ट्रात आज पंचविशी-तिशी ओलांडलेल्या अनेकांना पोकेमॉन भेटले ते गेममधून नव्हेच. २००३ पासून कार्टून नेटवर्कवर हिंदीत लागणारी मालिका आणि वेफर्सच्या पुड्यांतून निघणारे टॅझो, एवढ्यावर त्यांची ओळख झाली. मूळ गेम १९९६चा, जपानमधला. रानात फिरायचं, विचित्र प्राणी पकडायचे, त्यांना तयार करायचं आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचं. तेव्हा प्राणी १५१ होते, आता हजाराच्या वर गेले आहेत. अशा खेळात दोन प्राण्यांचा संकर करून पाहावा ही कल्पना कुणालाही सुचेल, आणि ती खुद्द कंपनीलाही सुचली आहे. २०१२च्या ‘ब्लॅक २’ आणि ‘व्हाइट २’ या गेममध्ये क्युरेम नावाचा प्राणी ‘डीएनए स्प्लायसर्स’ वापरून दुसऱ्या दोघांपैकी एकाशी जोडता येतो. चाहत्यांच्या गेममध्ये कोणतेही दोन प्राणी जोडण्याचं साधन हेच आहे, नावासकट उचललेलं. कंपनीने पुढे २०१७ मध्ये नेक्रोझ्मा आणि २०२० मध्ये कॅलिरेक्स यांना अशीच जोड दिली. पण इतक्या वर्षांत हे प्रकरण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या संकरांपुढे गेलेलं नाही.

याचं कारण कंपनीकडे कल्पकता नाही, असं मुळीच नाही. तिच्या दृष्टीने प्रत्येक प्राणी हा माल आहे. त्याचं खेळणं निघतं, पत्ता निघतो, तो मालिकेत येतो, त्याच्या नावाची नोंदणी होते. जो प्राणी बाजारात उतरणार आहे तो फसून चालत नाही, म्हणून तो मोजूनमापूनच काढावा लागतो. अडीच लाख प्राणी काढायचे म्हणजे त्यांतले बरेचसे फसणार, काही हास्यास्पद होणार, काही तर बघवणारही नाहीत. हा धोका कोणतीही शहाणी कंपनी पत्करणार नाही. ज्याला विकायचं काही नाही त्यालाच तो परवडतो.

आता खरी गंमत. हे अडीच लाख प्राणी काढण्यासाठी कुणाही माणसाची गरज नव्हती. पहिल्या १५१ प्राण्यांचे असे संकर एका प्रोग्रामरच्या संकेतस्थळाने फार पूर्वीच आपोआप करून दाखवले होते. पद्धत सरळ होती. एकाचा चेहरा कापायचा, दुसऱ्याच्या धडावर डकवायचा आणि धडाला पहिल्याचे रंग द्यायचे. १५१ गुणिले १५१, म्हणजे २२,८०१ चित्रं, एका बटणासरशी. इन्फिनिट फ्युजनची सुरुवातही अशाच यंत्रनिर्मित चित्रांवर झाली. म्हणजे गेम पहिल्यापासून पूर्ण होता, प्रत्येक जोडीला चित्र होतं. तरीही माणसं एकेक चित्र काढून टाकून त्याजागी हाताने काढलेलं चित्र बसवू लागली. साधारण ९६ बाय ९६ ठिपक्यांच्या चौकोनात, ठिपक्यावर ठिपका ठेवत. जगभरच्या हौशी चित्रकारांनी अशी एक लाखाहून जास्त चित्रं काढून दिली आहेत. एका जोडीला दोन-तीन चित्रकारांची वेगवेगळी चित्रं असली तर खेळणारा त्यांतलं आवडेल ते निवडतो, आणि चित्र कुणाचं ते नोंदलेलं असतं. पैसे कुणालाच मिळत नाहीत. मोफत आणि तयार उत्तर समोर असताना इतक्या लोकांनी ते नाकारून गणित पुन्हा हाताने सोडवायला घ्यावं, याकडे मी मुख्य पुरावा म्हणून पाहतो. यंत्राच्या चित्रात काहीतरी कमी होतं, ते त्यांना दिसलं आणि त्यांनी ते भरून काढलं. उसन्या मालात इथे नेमकी कशाची भर पडली, हे तपासायला यापेक्षा स्वच्छ प्रयोग सापडणं कठीण.

काय कमी होतं? संकराचा एक भाग खरोखरच हिशेबाचा आहे आणि तो यंत्रानेच करावा. प्रत्येक प्राण्याला बळाचे सहा आकडे असतात. या गेममध्ये जीव, विशेष हल्ला आणि विशेष बचाव यांचा दोन तृतीयांश वाटा डोक्याकडून येतो, तर साधा हल्ला, साधा बचाव आणि वेग यांचा दोन तृतीयांश वाटा धडाकडून. अलाकाझॅम हा चमच्यांनी मनःशक्ती खेळवणारा बुद्धिमान, काटकुळा प्राणी. त्याचा विशेष हल्ला १३५, वेग १२० आणि साधा हल्ला जेमतेम ५०. मचॅम्प हा चार हातांचा पहिलवान. त्याचा साधा हल्ला १३०, विशेष हल्ला ६५, वेग ५५. अलाकाझॅमचं डोकं मचॅम्पच्या धडावर ठेवलं तर विशेष हल्ला १११ आणि साधा हल्ला १०३ असा दोन्हीकडून मारणारा, पण ७६च्या वेगाने चालणारा प्राणी मिळतो. उलट केलं तर वेग ९८ होतो, पण साधा हल्ला ७६ आणि विशेष हल्ला ८८वर घसरतो. दोघेही तेच, क्रम बदलला की एक कामाचा आणि एक बेताचा. हे सगळं अंकगणित आहे, आणि त्याचा आनंद बुद्धिबळाच्या जातीचा आहे. मात्र या प्राण्याला चार हात असावेत का, चमचे किती हातांत असावेत, इतकी ताकद अंगात असताना त्याला चमचे वाकवायला मनाची गरज काय, हे प्रश्न अंकगणिताच्या बाहेरचे आहेत. यंत्र ते सोडवत नाही, कारण ते त्याला पडतच नाहीत.

याहून चांगलं उदाहरण क्युबोन आणि कँगस्खान यांचं. क्युबोन हा मेलेल्या आईची कवटी डोक्यावर घालून हिंडणारा पोरका प्राणी. हे मूळ गेममधल्या वर्णनातच आहे. मुलांच्या खेळात इतकं दुःख कुणी घातलं असेल याचं नवल वाटतं. कँगस्खान ही पोटाच्या पिशवीत पिल्लू घेऊन वावरणारी आई. दोघांचं नातं असावं, क्युबोन हे कँगस्खानचंच हरवलेलं पोर असावं, असा तर्क चाहते वर्षानुवर्षं लढवत आले आहेत. कंपनीने तसं कुठे म्हटलेलं नाही. आता या दोघांना जोडायचं तर कवटी कुणाच्या डोक्यावर ठेवायची? आईच्या ठेवली तर तीही कधीतरी पोरकी झाली असं होतं. पिशवीतल्या पिल्लाच्या डोक्यावर ठेवली तर समोर उभी असलेली ही आई कोण? पिशवी रिकामी ठेवली तर आणखी वेगळीच गोष्ट होते. चेहरा कापून धडावर डकवणाऱ्या प्रोग्रामला यातला एकही पर्याय दिसणार नाही. तो कवटी उचलून धडावर ठेवेल आणि पुढच्या जोडीकडे जाईल. चित्रकाराला मात्र आधी ठरवावं लागतं की ही जोडी कशाविषयी आहे. ते ठरलं की रंग, उभं राहण्याची ढब, हातातलं हाड, सगळं त्यामागून येतं. संकराला विषय देणं म्हणजे हेच. मूळ दोन प्राणी कंपनीचे, जोडीची शक्यता गुणाकाराची, पण त्या जोडीचा विषय या चित्रकाराचा. प्रताधिकाराच्या सगळ्या तत्त्वज्ञानात ज्याला स्वतंत्र निर्मिती म्हणतात ती इथे सापडते.

खेळणाऱ्याकडेही हेच काम थोड्या प्रमाणात येतं. अधिकृत गेममध्येही लोक स्वतःवर अटी घालून खेळतात. २०१० मध्ये एका चित्रमालिकेतून ‘नझलॉक’ नावाचा प्रकार रूढ झाला, ज्यात हरलेला प्राणी मेला असं समजून कायमचा बाजूला ठेवायचा. इन्फिनिट फ्युजनमध्ये अशा अटींना ऊत येतो, कारण साहित्य अफाट आहे. कुणी सहाच्या सहा प्राणी कीटकांपासूनच बनवायचे असं ठरवतो, कुणी फक्त भुतांच्या जोड्या लावतो, कुणाला सगळा संघ सागरी हवा असतो. जिंकण्याच्या दृष्टीने यातल्या बहुतेक अटी नुकसानीच्याच. तरी त्या घातल्या जातात, कारण अडीच लाख पर्यायांपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला बळाच्या आकड्यांपेक्षा एखाद्या सूत्राचा आधार जास्त वाटतो. नुसती विपुलता लवकर कंटाळवाणी होते. हा गेम खेळणाऱ्यांनी तिच्यावर स्वतःच्या अटींचा उतारा काढला आहे.

आता चोरीच्या आक्षेपाकडे. तो पोकळ नाही. नावं, प्राणी, नकाशा, सूर, सगळं दुसऱ्याच्या मालकीचं आहे आणि ते वापरल्याचं या गेमने लपवलेलंही नाही. पण आपण रोजच्या व्यवहारात चोरी म्हणतो तेव्हा दोन गोष्टी गृहीत धरतो: मालकाचं काही गेलं आणि घेणाऱ्याने ते जसंच्या तसं स्वतःकडे ठेवलं किंवा विकलं. चित्रपटाची चोरटी प्रत विकणारा दोन्ही करतो. इथे विक्री नाही, आणि जसंच्या तसं म्हणावं असं जे उरतं तो कच्चा माल आहे. मालकाचं काय गेलं हे पाहायचं तर या गेमचा आनंद कुणाला घेता येतो ते पाहावं. ज्याला क्युबोन माहीत नाही त्याला वरच्या जोडीतली मेख कळणार नाही. पाचशे मूळ प्राणी डोक्यात पक्के बसलेले असतील तरच संकराचं नवल वाटतं. म्हणजे या गेमचा प्रत्येक रसिक हा आधीच कंपनीचा जुना गिऱ्हाईक असतो, किंवा आपल्याकडे असतो तसा मालिका पाहून आणि टॅझो जमवून वाढलेला, निंटेंडोचं आयात यंत्र कधी हाती न आलेला प्रेक्षक. पहिला पुढचा अधिकृत गेम घेणारच आहे. दुसऱ्याकडून कंपनीला आज काही मिळत नाही, उद्या मिळालं तर या ओढीमुळेच मिळेल. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. फुकटात पूर्ण लांबीचा कांटो प्रवास मिळाल्यावर जुन्या गेमची नवी आवृत्ती विकत घ्यायला कुणीच कचरणार नाही असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. नुकसान शून्य आहे असा माझा दावा नाही. ते तपासून पाहावं, आधीच गृहीत धरू नये, एवढंच.

कंपन्या मात्र हे तपासत बसत नाहीत. ‘पोकेमॉन युरेनियम’ हा चाहत्यांचा गेम नऊ वर्षांच्या कामानंतर ऑगस्ट २०१६ मध्ये आला, काही दिवसांत पंधरा लाखांच्या आसपास वेळा उतरवला गेला, आणि निंटेंडोच्या वकिलांच्या नोटिसांनंतर निर्मात्यांनी तो मागे घेतला. त्याच महिन्यात ‘मेट्रॉइड’ मालिकेला तीस वर्षं पूर्ण झाल्याच्या निमित्ताने एका चाहत्याने वर्षानुवर्षं खपून केलेली दुसऱ्या भागाची नवी आवृत्तीही अशीच हटवायला लावली गेली. २०१८ मध्ये तर ‘पोकेमॉन इसेन्शियल्स’ नावाची साधनपेटीच अधिकृतपणे गुंडाळली गेली. इन्फिनिट फ्युजनसकट कित्येक फॅनगेम याच साधनपेटीवर उभे आहेत. पोकेमॉन कंपनीचे माजी मुख्य विधी अधिकारी डॉन मॅकगोवन यांनी २०२४ मध्ये एका मुलाखतीत या कारवायांमागचं तारतम्य सांगितलं. त्याचा मथितार्थ असा की चाहत्यांवर खटले भरायला कुणालाच आवडत नाही, बहुतेक गोष्टींकडे दुर्लक्षच केलं जातं, लोकवर्गणीतून पैसा जमू लागला की मग हालचाल होते. ऐकायला हे समंजस वाटतं. पण युरेनियम फुकट होता. प्रसिद्धी झाली, मोठ्या माध्यमांनी दखल घेतली, की न दिसलेलं दिसतं. ज्या नियमाखाली लहान राहिलात तर वाचलात आणि लोकांना आवडलात तर संपलात, त्याला नियम तरी कसं म्हणायचं? ती मर्जी आहे. आणि मर्जीवर नऊ-नऊ वर्षं काम उभं करायचं हे कारागिरावर अन्यायाचं आहे, मग तो कारागीर बिनपगारी का असेना. याउलट सेगाने २०१७ मध्ये ‘सॉनिक मेनिया’ काढला तेव्हा तो बनवणाऱ्यांत सॉनिकचे फॅनगेम आणि जुन्या आवृत्त्यांची पुनर्निर्मिती करून नावारूपाला आलेले लोकच पुढे होते. समीक्षकांनी त्याला गेल्या कित्येक वर्षांतला सर्वोत्तम सॉनिक म्हटलं. पात्रांची मालकी सेगाकडेच राहिली.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘इतकी कला अंगात आहे तर स्वतःचे प्राणी काढा की’. काही जण काढतातच. मेट्रॉइडची ती हटवलेली आवृत्ती करणाऱ्याला पुढे ‘ओरी अँड द विल ऑफ द विस्प्स’ या गेमच्या चमूत काम मिळालं. २०१५चा गाजलेला ‘अंडरटेल’ करणारे टोबी फॉक्स आधी ‘अर्थबाउंड’ या जुन्या जपानी गेममध्ये फेरफार करत बसलेले असत. खुद्द गेम फ्रीक हे नाव आधी एका मासिकाचं होतं. सातोशी ताजिरी या तरुणाने १९८३ मध्ये हाताने लिहून, प्रती काढून, टाचून विकलेलं चाहत्यांचं मासिक. त्यात चित्रं काढायला आलेल्या केन सुगिमोरींनी पुढे पोकेमॉनना रूप दिलं. दुसऱ्यांच्या गेमवर जीव टाकणाऱ्या पोरांच्या पत्रकातून ही कंपनी उभी राहिली, हे तिच्या वकिलांनी कधीमधी आठवायला हरकत नाही. शिवाय ‘स्वतःचं काढा’ हा सल्लाही वाटतो तितका सुरक्षित नाही. ‘पालवर्ल्ड’ या जपानी गेमने स्वतःचे प्राणी काढले, जरी ते ओळखीचे वाटत असले तरी. त्याच्यावर निंटेंडो आणि पोकेमॉन कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयात दावा लावला, तो प्रताधिकाराचा नव्हे, पेटंटचा. प्राणी पकडण्याच्या पद्धतीसारख्या गोष्टींवरच हक्क सांगणारा.

‘स्वतःचं काढा’ या सल्ल्याच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा आहे तो ‘कॅसेट बीस्ट्स’ हा २०२३चा ब्रिटिश गेम. प्राणी पूर्णपणे स्वतःचे, कोणतेही दोन जोडता येतात, आणि गेम उत्तम आहे. कल्पनेवर कुणाची मालकी नसते हे त्याने सिद्ध केलं. पण त्यातले हजारो संकर प्रोग्राम सुट्या भागांतून जुळवतो. भाग इतक्या हुशारीने आखलेले आहेत की जुळणी छान दिसते, तरी ती जुळणीच. छोट्या स्टुडिओला दुसरं काही परवडणारही नाही. प्रत्येक जोडीवर स्वतंत्र विचार व्हायचा तर हजारो माणसं लागतात, ती फुकट राबायला तयार असावी लागतात, आणि त्यासाठी त्या सगळ्यांना लहानपणापासून समान ओळखीची अशी पात्रं लागतात. क्युबोनची कवटी कुणाची, हे कालच जन्मलेल्या प्राण्याबद्दल कुणी विचारत नाही. तो प्रश्न पडायला दोन-तीन दशकं जावी लागतात. पोकेमॉन ही आता दोन पिढ्यांची समाईक भाषा झाली आहे. तिचं व्याकरण कंपनीच्या मालकीचं असेल, पण तीत बोलायची मुभा फक्त मालकालाच, हा हट्ट टिकणारा नाही.

फुकट राबण्यावरूनही प्रश्न निघतो, आणि तो मला चोरीच्या आक्षेपापेक्षा अवघड वाटतो. एक लाख चित्रं म्हणजे किती तासांची मेहनत. हे शोषण नाही का? शोषण म्हणायला त्या मेहनतीवर कमावणारा कुणीतरी हवा. इथे तसा कुणी नाही, आणि गेमला पैशांपासून दूर ठेवणं म्हणूनच अत्यावश्यक आहे. उद्या कुणी या चित्रांच्या जोरावर वर्गण्या गोळा करू लागला, तर कंपनीआधी चित्रकारांनी त्याला जाब विचारावा. दुसरी शंका काळाला धरून आहे. आता चित्र काढणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आली, उरलेल्या जोड्या ती चुटकीसरशी आणि कदाचित हौशी हातांपेक्षा सफाईने काढेल, मग या कारागिरीचं कौतुक किती दिवस? सफाईत ती पुढे जाईल यात शंका नाही. खरं तर या लाखभर चित्रांत सामान्य चित्रं पुष्कळ आहेत. पण इथे यंत्राचं चित्र पहिल्या दिवसापासून हजर होतं आणि लोकांनी ते तात्पुरतं मानलं. एखाद्या जोडीला हाताने काढलेलं चित्र मिळणं ही त्यांच्यात बातमी असते, कारण त्याचा अर्थ असा की कुणीतरी या दोन प्राण्यांसमोर बसून विचार केला. यंत्र सुधारल्याने त्या विचाराची गरज संपते असं म्हणणाऱ्याने आधी हे सांगावं, की छपाई आणि छायाचित्रण इतकं स्वस्त झाल्यावरही दिवाळीत दारात रांगोळी का घातली जाते.

मग कायद्याने काय करावं? भारताच्या १९५७च्या प्रताधिकार कायद्यातलं कलम ५२ खासगी वापर, संशोधन, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा कारणांसाठी सवलत देतं. एखाद्याचं काम घेऊन त्यातून नवं काही घडवायचं आणि ते लोकांना फुकट द्यायचं, यासाठी त्यात वेगळी तरतूद नाही. कॅनडाने २०१२च्या दुरुस्तीत ती केली. तिथल्या कलम २९.२१ प्रमाणे प्रकाशित कामातून नवं काम बिगरव्यापारी हेतूने करता येतं आणि प्रसृतही करता येतं. अटी अशा की शक्य तिथे मूळ कर्त्याचा उल्लेख हवा, मूळ प्रत चोरटी नसावी, आणि मूळ कामाच्या कमाईवर ठळक विपरीत परिणाम होऊ नये. शेवटची अट मालकाला पुरेसं हत्यार देते. जपानने २०१८च्या अखेरीस कायदा कडक केला आणि मालकाची तक्रार नसतानाही काही प्रताधिकार गुन्ह्यांवर खटला चालवण्याची सोय केली, तेव्हा चाहत्यांच्या रूपांतरित प्रकाशनांवर तिची कुऱ्हाड पडू नये अशी शब्दरचना मुद्दाम ठेवली. कॅनडाच्या अटींतली उल्लेखाची अट मराठी वाचकाला परकी वाटू नये. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर चाल कुठल्या गाण्याची ते छापलेलं असे. चाल उसनी, पद नवं, आणि उसनवारी उघड. त्या नोंदीमुळे कुणी नाटककार किर्लोस्करांना चोर म्हटलं नाही.

आणि हा प्रश्न जपानी प्राण्यांपुरताच आहे असंही नाही. ‘फास्टर फेणे’ लिहिणारे भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले. कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, या आपल्याकडच्या मुदतीप्रमाणे फास्टर फेणे २०६१ संपेपर्यंत प्रताधिकारात राहील. ज्यांनी त्याला लहानपणी वाचलं त्यांतले बरेच जण तोवर नसतील. आज पुण्यातल्या एखाद्या मुलीला फुरसुंगीच्या या पोराला घेऊन एखादं नवं प्रकरण रचावंसं वाटलं, त्याचा छोटा गेम करून फुकट वाटावासा वाटला, तर आजच्या कायद्यात तिला वारसदारांची लेखी परवानगी मागावी लागेल किंवा नजर चुकवून काम करावं लागेल. कलम ५२मध्ये एक पोटकलम वाढवलं तर तिला तिसरा रस्ता मिळेल. मुखपृष्ठावर भागवतांचं नाव ठळक छापायचं, हे भागवतांचं लेखन नव्हे असं त्याच्याच खाली लिहायचं, एक रुपयाही घ्यायचा नाही, आणि वारसदारांनी विक्री खरोखर घटल्याचं दाखवलं तर काम काढून घ्यायचं. कलम ५७ प्रमाणे कर्त्याच्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागण्याचा वारसदारांचा हक्क त्यानंतरही जसाच्या तसा राहील.